मुळाचा गुण आणि पाऱ्याची साक्ष

अंगांत ताप चढला तर हात लावतांच कळतो. दाढ दुखूं लागली तर ती रात्रभर झोंपूं देत नाहीं. पण रक्ताचा दाब वाढला तर त्याची वर्दी बहुधा कोणीच देत नाहीं. माणूस जेवतो खातो, कचेरींत जातो, हंसतो, भांडतो, आणि एके दिवशीं अकस्मात् त्याचा अर्धा देह लुळा पडतो, किंवा हृदय थकून पायांवर सूज चढूं लागते. ज्या शत्रूची चाहूल लागत नाहीं त्याला ओळखण्यास मनुष्यजातीला फार काळ लागला. आणि ओळख पटल्यावरहि त्याला आवरण्याचें साधन सांपडण्यास आणखी दोन शतकें गेलीं. तें साधन ज्या थोड्या ठिकाणीं प्रथम पारखून घेतलें गेलें, त्यांत आपल्या मुंबईचें एक रुग्णालय होतें. आणि ज्या वस्तूंतून तें निघालें ती आपल्याच रानांतली एका झुडुपाची मुळी होती. त्या दाबाची, त्या मुळीची, आणि दोहोंची गांठ घालून देणाऱ्या माणसांची हकीकत आज आपल्यापुढें मांडावयाची आहे.

रक्त शरीरांत फिरतें, ही गोष्ट विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्याचा एक मुख्य आधार साध्या हिशेबाचा होता. हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतें आणि अर्ध्या तासांत ठोके किती पडतात, यांचा गुणाकार केला तर तो सबंध देहांतील रक्ताहूनहि अधिक भरतो. एवढें रक्त अन्नापासून क्षणोक्षणीं नवें तयार होणें शक्य नाहीं; तेव्हां तेंच रक्त फिरून फिरून येत असलें पाहिजे. परंतु हें रक्त फिरतें तें किती जोरानें? या प्रश्नाचें उत्तर मिळावयास आणखी शंभर वर्षें लागलीं, आणि तें देणारा मनुष्य वैद्य नव्हता. तो लंडनजवळच्या टेडिंग्टन गांवचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स हा होता. त्यानें एका घोडीच्या धमनींत पितळेची नळी बसवून तिला नऊ फूट लांबीची कांचेची उभी नळी जोडली. रक्त त्या नळींत आठ फूट तीन इंच चढलें आणि प्रत्येक ठोक्यासरशीं खालींवर हालूं लागलें. १७३३ सालीं त्यानें हा प्रयोग प्रसिद्ध केला. घोडीच्या प्राणांवर बेतणारा हा प्रयोग माणसावर करणें अर्थातच अशक्य होतें. म्हणून रक्ताला दाब असतो एवढें कळलें, पण अमक्याचा दाब किती हें सहज सांगतां येण्यास पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

हा दाब शरीर कसें राखतें, तें समजून घेण्यास आपल्या खानदेशांतील फडांचा दाखला उपयोगी पडेल. पांझरा, मोसम अशा नद्यांवर जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यापासून पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात, आणि चाऱ्यांवरून शेताशेतांत पाणी जातें. कोणत्या शेताला केव्हां आणि किती पाणी द्यावयाचें हें प्रत्येक शेतकरी आपल्या मर्जीनें ठरवूं लागला तर वरच्याचें शेत चिबडेल आणि खालच्याचें करपेल. म्हणून या पद्धतींत पाटकरी नेमलेला असतो. तो एक दार उघडतो, दुसरें मिटतो, आणि पाटांतल्या पाण्याची उंची राखतो.

शरीरांत बंधाऱ्याच्या जागीं हृदय आहे. भेद इतकाच कीं, तें रक्त नुसतें अडवीत नाहीं, तें पुढें लोटतें. माणूस स्वस्थ बसलेला असतांनाहि तें मिनिटाला सुमारें पांच लिटर रक्त लोटीत असतें. मोठ्या धमन्या म्हणजे पाट. त्या पाटांना फांद्या फुटत फुटत शेवटीं ज्या अतिसूक्ष्म धमन्या होतात, त्यांच्या भिंतींत स्नायूंचीं कडीं असतात. तीं कडीं आंवळलीं कीं वाट अरुंद होते, सैल झालीं कीं रुंद होते. हींच आपल्या चाऱ्यांचीं दारें. त्यांचें सामर्थ्य किती मोठें आहे, तें गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत पोइसे या फ्रेंच वैद्यानें दाखवून दिलें. नळीचा व्यास निम्मा केला तर त्याच जोरानें तिच्यांतून जाणारा प्रवाह निम्मा होत नाहीं, तो सोळावा हिस्सा उरतो. यावरून हें उघड होईल कीं, सबंध देहांतील हीं दारें किंचित् जरी मिटलीं तरी पाठीमागच्या पाटांत दाब चढलाच पाहिजे.

मग या शरीराचा पाटकरी कोण? १८५१ आणि १८५२ या दोन सालांत पॅरिस येथें क्लोद बर्नार यानें सशाच्या मानेंतील एक मज्जातंतु कापला. त्या बाजूचा कान लागलीच लालबुंद आणि ऊन झाला. त्याच तंतूला विजेचा झटका दिला तेव्हां कान पुनः पांढरा पडला. म्हणजे दारें मिटावयाचा हुकूम मज्जातंतूंवरून येतो, आणि तो अखंड येत असतो. हुकूम थांबला कीं दारें आपोआप उघडतात. पुढें असें दिसून आलें कीं, हुकूम देणारा अंमलदार मेंदूच्या तळाशीं बसलेला आहे, आणि दाबाची खबर त्याच्याकडे पोंचविणारे जागले हृदयाजवळच्या महाधमनींत व मानेंतील धमन्यांच्या फाट्यावर पहारा करीत आहेत. आपण बसल्या जागेवरून झट्दिशीं उठतों, तेव्हां पुष्कळसें रक्त पायांकडे उतरतें आणि क्षणभर मेंदूचा पुरवठा तुटावयास पाहतो. पण जागल्यांची खबर पोंचते, हृदय जलद चालूं लागतें, दारें मिटतात, आणि कांहीं सेकंदांत दाब पूर्वपदावर येतो. आपल्याला या घडामोडीचा पत्ताहि नसतो.

या द्रुत बंदोबस्ताखेरीज एक मंद बंदोबस्तहि आहे, आणि तो मूत्रपिंडांकडे आहे. शरीरांत मीठ व पाणी किती ठेवावयाचें आणि किती सोडावयाचें याचा जमाखर्च तीं पाहतात. मूत्रपिंडांत दाब चढविणारें एक द्रव्य असतें हें १८९८ सालीं स्टॉकहोम येथें टीगरस्टेट व बर्गमन यांना आढळलें. या द्रव्यापासून सुरू होणारी साखळी एकीकडे दारें मिटते व दुसरीकडे मीठ राखून ठेवते. पाटकरी क्षणांचा कारभार पाहतो, मूत्रपिंड दिवसांचा आणि महिन्यांचा. त्यांतहि नवल असें कीं, खुद्द धमन्यांचें आंतलें अस्तर देखील दारें सैल करणारा एक वायु सोडीत असतें. ही गोष्ट तर १९८० नंतरच्या शोधांनीं उजेडांत आली.

इतका चोख बंदोबस्त असूनहि कित्येकांच्या शरीरांत तो हळूहळू वरच्या पातळीवर स्थिर होतो. दारें गरजेहून अधिक मिटलेलीं राहतात आणि जागल्यांनाहि त्या चढलेल्या दाबाची संवय होऊन जाते. हें ओळखावयाचें तर मोजमाप हवें. १८९६ सालीं तूरिन येथील रीवा-रोची या वैद्यानें दंडाभोंवतीं गुंडाळावयाचा रबरी पट्टा तयार केला. त्यासाठीं त्यानें सायकलच्या चाकांतली नळी वापरली होती! पट्ट्यांत हवा भरावयाची, मनगटाची नाडी कधीं बुडते तें पहावयाचें, आणि पारा किती चढला तें वाचावयाचें. १९०५ सालीं कोरोत्कोव्ह या रशियन शस्त्रवैद्यानें पट्ट्याखालीं कान देऊन ऐकण्याची युक्ति काढली, आणि त्यामुळें हृदय आकुंचित होतांनाचा वरचा दाब व तें शिथिल असतांनाचा खालचा दाब असे दोन्ही आंकडे हातीं आले. निरोगी प्रौढाचे ते साधारणपणें १२० व ८० मिलिमीटर पारा असे असतात.

माप हातीं आलें. पण औषध कोठें होतें? उलट पुष्कळ विद्वान् डॉक्टरांचें मत असें कीं, अरुंद धमन्यांतून रक्त पोंचविण्यासाठीं हा वाढीव दाब शरीराला आवश्यकच आहे, त्याला हात लावूं नये. इंग्रजींत या रोगाला पडलेल्या नांवांतच ‘आवश्यक’ हा अर्थ येऊन बसला आहे. याचा परिणाम काय झाला, तें एका थोर पुरुषाच्या अंतावरून दिसेल. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्यें १८६ व १०८ भरला. विश्रांति, बेतशीर आहार आणि हृदयाचें जुनें औषध यांपलीकडे त्यांच्या डॉक्टरांपाशीं फारसें कांहीं नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते वारले, त्या वेळीं दाब ३०० व १९० इतका चढला होता. जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला वैद्यकशास्त्र त्या वेळीं याहून अधिक कांहीं देऊं शकलें नाहीं.

आणि त्याच सुमारास हिंदुस्थानांतील कित्येक डॉक्टर आपल्या रोग्यांना सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या देत होते. सर्पगंधा हें दोन-तीन फूट उंचीचें झुडूप आहे. सर्पदंशावर, तापावर आणि भ्रमिष्टांना शांत करण्यासाठीं तिचें मूळ आपल्याकडे फार दिवसांपासून वापरांत आहे. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ असेंच म्हणत. गोंव्यांत राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोंव्यांतच छापलेल्या आपल्या ग्रंथांत सर्पविषावरील एका मुळाचें वर्णन केलें आहे, आणि तें सर्पगंधेचेंच असावें असें पुष्कळ अभ्यासक मानतात. परंतु दाबावरील तिचा गुण जुन्या कोणत्याच वैद्याला कळणें शक्य नव्हतें. कारण दाब नांवाची वस्तुच त्याला ठाऊक नव्हती. मूळ हातीं होतें, पारा हातीं नव्हता.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत ही गांठ पडली. १९३१ सालीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं आपल्या बंधूंसह या मुळांतून अनेक क्षारद्रव्यें वेगळीं केलीं, आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमलखान यांचें नांव दिलें. त्याच वर्षीं कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तें मूळ उपयोगी पडतें असा निबंध प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनीं कर्नल रामनाथ चोपडा यांच्या कलकत्त्याच्या प्रयोगशाळेंतून त्याच्या गुणधर्मांचा अभ्यास बाहेर आला. पण हीं सारीं टिपणें हिंदुस्थानाबाहेर फारशीं कोणी वाचलीं नाहींत.

तीं जगाला ऐकूं जावींत यासाठीं मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं जें केलें, तें वरवर पाहतां अगदीं साधें होतें. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं वाढलेल्या दाबाचे ५० रोगी निवडले, त्यांना मूळ दिलें, आणि वरचा व खालचा असे दोन्ही दाब मोजून ते किती उतरले याची नोंद ठेवली. बहुसंख्य रोग्यांचे दोन्ही आंकडे खालीं आले. १९४९ सालीं ही नोंद ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकांत छापून आली. ‘गुण येतो’ असें कोणीहि सांगूं शकतो. किती रोग्यांना आला, किती आला आणि कोणाला आला नाहीं, हें सांगणारा मनुष्य विरळा. वकिलांच्या या निबंधानें बोस्टनचे डॉ. विल्किन्स यांचें लक्ष वेधलें आणि त्यांनीं अमेरिकेंत तें मूळ वापरून पाहिलें. १९५२ सालीं बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत म्यूलर, श्लिट्लर व बाइन यांनीं त्यांतलें मुख्य द्रव्य वेगळें केलें, तेंच रिसर्पीन. १९५६ सालीं वुडवर्ड यांनीं तें कृत्रिम रीतीनें घडवून दाखविलें. १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक वकिलांना मिळालें, आणि पुढच्याच वर्षीं भारत सरकारनें त्यांना पद्मभूषण दिलें.

आतां हें मूळ करतें तरी काय? आपल्या पाटकऱ्याचा हुकूम मज्जातंतूच्या टोंकाशीं एका रसद्रव्याच्या रूपानें पोंचतो. तें द्रव्य तेथें इवल्याशा पिशव्यांत सांठवलेलें असतें. रिसर्पीन त्या पिशव्या भरूं देत नाहीं. हुकूम सुटतो, पण दारापर्यंत नेणारा निरोप्याच उरत नाहीं. दारें सैल पडतात, हृदय संथ चालतें आणि दाब उतरतो. पण तेंच द्रव्य मेंदूंतहि वापरांत असल्यानें मनहि शांत होतें, आणि मात्रा अधिक झाली तर तें खिन्नतेच्या गर्तेंत जाऊं शकतें. उन्माद आणि दाब या दोहोंवर एकच मूळ कसें चालतें, हें कोडें अशा रीतीनें सुटलें. स्वीडनमध्यें कार्लसन यांनीं रिसर्पिनानें निश्चल झालेल्या सशांना दुसरें एक द्रव्य देऊन उठविलें. त्या वाटेनें कंपवाताचें मर्म उघड झालें, आणि त्या कार्याबद्दल त्यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

दाब उतरविणें हितावह आहे कीं नाहीं, या मूळ वादाचा निकालहि याच औषधाच्या साक्षीनें लागला. अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत तीव्र दाबाच्या १४३ पुरुषांवर एक चांचणी झाली. ७३ जणांना खरीं औषधें दिलीं, त्यांत रिसर्पीन एक होतें. ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या दिल्या. १९६७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: निर्गुण गोळ्यांच्या गटांत २७ जणांवर गंभीर आपत्ति ओढवली, औषधाच्या गटांत फक्त दोघांवर. ‘आवश्यक’ म्हणविणारा दाब मुळींच आवश्यक नव्हता!

आज रिसर्पीन फार क्वचित् देतात. त्याहून सुसह्य औषधें निघालीं आहेत. कांहीं दारांवरील स्नायु थेट सैल करतात, कांहीं मूत्रपिंडाची साखळी तोडतात, कांहीं मीठ बाहेर काढतात. आपण आतां पाहिलेल्या बंदोबस्ताच्या एकेका नाक्यावर एकेक औषध उभें आहे. रानांतल्या सर्पगंधेला मात्र तिची कीर्ति भोंवली. जगभर मागणी वाढली तशीं झुडुपें मुळांसकट उपटलीं गेलीं, आणि शेवटीं तिच्या व्यापारावर निर्बंध घालावे लागले. कोणी तिचें मूळ मनानें उगाळून घेऊं नये, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. त्याची मात्रा डोळ्यांनीं ठरत नाहीं.

आपण शहरांतील सुशिक्षित मंडळी समजतों कीं, हा रोग कचेरींत बसणाऱ्यांचा, चिंता करणाऱ्यांचा. रानांत राबणाऱ्याला तो कोठला व्हावयास! ही समजूत खोटी ठरली आहे. नऊ राज्यांतील आदिवासी प्रौढांची जी पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली, तींत सुमारें चौघांत एकाचा दाब वाढलेला आढळला, आणि आपल्याला हा विकार आहे हें त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक होतें. पूर्वींच्या पश्चिम खानदेशाचा, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्याचा, नवापूर तालुका घ्या. तेथें सुरत-भुसावळ लोहमार्गावर चिंचपाडा हें गांव आहे. भोंवतालीं भिल्ल, मावची, कोंकणी यांचे पाडे आहेत, आणि गांवांत ख्रिस्ती मिशनचें जुनें रुग्णालय आहे. सर्पदंश झाला, बाळंतीण अडली, ताप हटेना, तर पाड्यावरचा मनुष्य अशा रुग्णालयाची वाट धरतो. कारण दुःख त्याला तेथें ढकलीत नेतें. पण जो रोग दुखतच नाहीं, त्यासाठीं एक दिवसाची मजुरी बुडवून त्यानें कां यावें? आणि आल्यावर मिळालेली गोळी, कांहींच त्रास होत नसतां, जन्मभर रोज कां घ्यावी?

याचें उत्तर त्याच्या अडाणीपणावर ढकलून चालणार नाहीं. तोच प्रश्न मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतहि रोज विचारला जातो, आणि गोळ्या तेथेंहि मध्येंच सोडल्या जातात. भेद इतकाच कीं, दिवाणखान्याच्या शेजारीं डॉक्टर असतो. म्हणून पट्टाच पाड्यापर्यंत गेला पाहिजे, आणि त्याच्या मागोमाग महिन्याच्या गोळ्या गेल्या पाहिजेत. उच्चरक्तदाब आटोक्यांत आणण्यासाठीं २०१७ सालीं देशांत जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या पांच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याची पद्धत साधी आहे: ठरलेलीं थोडीं, स्वस्त औषधें, गांवाजवळ मिळणारीं, आणि प्रत्येक रोग्याची नोंद. परळच्या रुग्णालयांत वकिलांनीं जें ५० जणांसाठीं केलें, तेंच लक्षावधींसाठीं करावयाचें आहे.

श्रोतेहो, हेल्सच्या नऊ फुटी नळीच्या जागीं आज वीतभर रुंदीचा पट्टा आहे, आणि मोजावयास दोन मिनिटेंहि लागत नाहींत. आपण तिशी ओलांडली असेल तर वर्षांतून एकदां तरी दंड पुढें करावा. ताटांतलें वरचें मीठ सोडावें. औषध चालू असेल तर बरें वाटतें म्हणून तें बंद करूं नये. आणि आपल्या घरीं धुणींभांडीं करणारी बाई, आपल्या बांधकामावर खानदेशांतून आलेला मजूर, यांचा दाब कोणी कधीं मोजला आहे काय, एवढें त्यांना एकदां विचारावें. बहुधा उत्तर ‘नाहीं’ असेंच येईल.